अण्णा, आता चाक बदललं तरी ब्रेक घासत नाही

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात तुम्ही आभार मानूच देत नाही, गिऱ्हाईक थांबलंय म्हणून विषय मोडता. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

सोलापुरात सायकल चालवणाऱ्याला दोन जोड चाकं लागतातच. तुळजापूरच्या रस्त्याला बारीक टायर चांगला पळतो. नान्नजकडं माळावरच्या कच्च्या वाटेला रुंद टायर हवा. अडचण डिस्क ब्रेकची. चाक बदललं की चाकावरची पोलादी डिस्क तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेक पॅडला घासायची, प्रत्येक फेऱ्याला खर्र खर्र. जिथं दाखवावं तिथं कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट ढिले करून, ब्रेक दाबून धरून पुन्हा आवळून मिळायचे. काम व्हायचं, पण त्या एका चाकापुरतं. जुनं चाक लावलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तुम्ही आधी कॅलिपरला हातच लावला नाहीत. दोन्ही चाकं आलटून पालटून लावलीत, डिस्क आणि पॅडच्या मधल्या फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती सरकवून बघितलीत आणि मलाही बघायला लावलंत. ही फट मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांची. दोन वेगळ्या कंपन्यांच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, डिस्क बसायची जागा तेवढी पुढंमागं असतेच, मग घासणार नाही तर काय! माझ्या रुंद टायरच्या चाकाची डिस्क ०.४ मिमी आत निघाली. तुम्ही सहा बोल्ट काढून हब आणि डिस्कच्या मध्ये ०.२ मिमीच्या दोन शिम, म्हणजे पातळ चकत्या, घातल्यात आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत आणलेत.

तुमची खरी उस्तादी त्यानंतर कळली. शिम घातली की डिस्क बाहेरच सरकते, आत कधीच नाही. म्हणून ज्या चाकाची डिस्क सगळ्यात बाहेर, त्या चाकावर कॅलिपर एकदाच बसवायचा आणि बाकीची चाकं शिमनं त्याच्या बरोबरीला आणायची. उलट्या क्रमानं गेलं तर जमणारच नाही. ही गोष्ट तुम्ही हातातलं काम थांबवून, कागदावर रेघा ओढून समजावलीत. कोण एवढा वेळ देतं?

बाकीचंही पाळतोय. क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक काढायचा-बसवायचा खटका, लावताना सायकल जमिनीवर उभी करून, भार चाकावर देऊनच आवळतो, म्हणजे चाकाचा एक्सल (आस) दरवेळी त्याच जागी बसतो. चाक काढलेलं असताना ब्रेकचा लीव्हर दाबला तर पॅड एकमेकांकडं सरकून बसतात, म्हणून तुम्ही दिलेला पुठ्ठा मध्ये अडकवतो. डिस्कला तेलाचा हात लागू देत नाही. मागच्या चाकाला गिअरचा थोडा फरक पडतो, तो गिअरच्या केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या बॅरलला थोडं फिरवून जातो, तेवढं चालतंय.

परवा तुळजापूरचा घाट उतरलो, परत येऊन चाकं बदलली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नान्नजला गेलो. पान्याची गरज पडली नाही, आवाज नाही, ब्रेक तसाच कडक.

अण्णा, तुम्ही फक्त शिमचे पैसे घेतलेत, मजुरी नाही. रविवारी मित्राची तीन चाकं घेऊन येतोय. त्या वेळी या चाकांचीही मजुरी घ्यावी लागेल, नाही म्हणायचं नाही.

आपला,
होटगी रोडचा सायकलवाला