तांबीसाठी गल्ली उभी करणाऱ्या गुरुजींस

आदरणीय गुरुजी,
सादर नमस्कार.

समोरासमोर आपण आभाराचा विषयच निघू देत नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. आमच्या तांबी या कुत्रीच्या आजारपणात खानापुरातील जी माणसे मदतीला धावली, त्यांतील बहुतेकांना आपणच आमच्या दारापर्यंत आणले, हे सर्वांना कळावे अशी आम्हा घरच्या सगळ्यांची इच्छा आहे.

तांबीला मायस्थेनिया ग्रेव्हिस हा कुत्र्यांमध्ये क्वचित आढळणारा आजार झाला. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथे घाव घालते, त्यामुळे थोडे चालले की पाय गळून जातात आणि विसावा मिळाला की पुन्हा जरा बळ येते. कुत्र्याची अन्ननलिकाही त्याच जातीच्या स्नायूंची असते. तांबीची अन्ननलिका सैल पडून फुगली आणि खाल्लेले अन्न पोटात न उतरता तसेच बाहेर येऊ लागले. तोंडातून लाळ आणि लटपटती चाल पाहून कुत्री पिसाळल्याची बोलवा उठली. लोकांना दोष देता येणार नाही, कारण रेबीजमध्येही कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळते, आणि आपल्या गल्लीत घरोघरी लहान मुले आहेत. तिला दूर नेऊन सोडा, असे सांगायला लोक आमच्याकडे आले, तेव्हा आम्हाला शब्द सुचत नव्हते.

त्या दिवशी आपण तांबीच्या लसीकरणाचे कार्ड मागून घेतले आणि ते घेऊन घरोघर गेलात. एवढ्यावर न थांबता पशुवैद्यांना मारुतीच्या देवळापुढे बोलावून हा आजार काय आहे, तो माणसांना किंवा इतर जनावरांना का लागत नाही, हे मराठीत आणि कन्नडमध्ये सर्वांसमक्ष समजावून सांगायला लावलेत. पुढची सारी मदत त्या संध्याकाळी सुरू झाली.

आपण वर्गणीची वही काढलीत, पण तिच्या पहिल्या पानावर पैशांचा रकाना न आखता वेळेचा आखला होता. मला आपला हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. अशा कुत्र्याला पुढचे पाय उंचावून, उभ्या अवस्थेत भरवावे लागते आणि त्यानंतरही वीसेक मिनिटे तसेच धरून ठेवावे लागते, म्हणजे अन्न आपल्या वजनाने खाली सरकते. हे रोज तीनदा करायला एका घरचे हात पुरत नाहीत. आपल्या शब्दाखातर सुताराने सागवानी तुकड्यांची, उंच पाठीची आणि छातीपाशी आडवी पट्टी असलेली खुर्ची करून दिली, आणि कडा तांबीच्या बगलेला काचू लागल्या तेव्हा स्वतः येऊन त्यांवर जुन्या गोधडीचे कापड ठोकले. पातळ पेज उलटून येते, पण भात आणि कोंबडीचे मांस एकत्र कुस्करून केलेले छोटे गोळे उतरतात, हा शोध शेजारच्या कन्नड अक्कांनी लावला. त्या दुपारची पाळी आजही चुकवत नाहीत. तिला सोडून द्या म्हणणाऱ्यांपैकी दोघांची नावे सकाळच्या पाळीत आहेत.

औषधाचीही तीच कथा. पायरिडोस्टिग्मिन हे माणसांचे औषध, ते दर आठ तासांनी वेळेवर जावे लागते आणि आपल्याकडे नेहमी मिळत नाही. बेळगावात ते संपले तेव्हा आपल्या माजी विद्यार्थ्याने कोल्हापुराहून आणून पोहोचवले. अन्नाचा अंश श्वासनलिकेत जाऊन तांबीला न्यूमोनिया झाला, त्या रात्री टेम्पोवाल्या भाऊंनी तिला बेळगावला नेले आणि भाड्याचे नावही काढू दिले नाही. या आजारात कुत्री दगावतात ती बहुधा अशा न्यूमोनियानेच. त्या रात्री उशीर झाला असता तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

काही कुत्र्यांत हा आजार काही महिन्यांनी आपोआप ओसरतो. तांबीच्या बाबतीत तशी चिन्हे दिसत असल्याने डॉक्टरांनी गोळीची मात्रा उतरवायला घेतली आहे. खुर्ची मात्र एवढ्यात सोडायची नाही, अशी त्यांची सक्त सूचना आहे, तेव्हा पाळ्यांची वही चालूच राहील. वर्गणीतील शिल्लक रक्कम, आपण सुचवल्याप्रमाणे, गल्लीतील सर्व कुत्र्यांच्या रेबीज लसीसाठी डॉक्टरांकडे जमा केली आहे. हिशेब देवळाच्या फलकावर लावला आहे.

आपले ऋणी,
तांबीच्या घरची मंडळी, खानापूर