काका, त्या लाल गोलासाठी

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. फोनवर दोनदा आभार मानायला गेलो आणि दोन्ही वेळा तुम्ही "ते राहू दे, डाव मांड" म्हणून विषय तोडलात. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितो आहे. इथे तुम्हाला मधेच थांबवता यायचं नाही.

नवकंकरी हा पटावरचा जुना खेळ खेळणारी माणसं ऑनलाइन एकत्र आणायची म्हणून मी दोन वर्षं दारं ठोठावली. परंपरेच्या नावानं चालणाऱ्या एका संस्थेनं चार महिने हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी सांगितलं, "याला मागणी नाही, लुडो ठेवा." त्यांच्याच भिंतीवर लेण्यांतल्या कोरीव पटांचे फोटो होते! एकानं मोबाइलवर खेळ करून देतो म्हणून पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणं सोडलं. तो राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

पण खरं दुखणं आमच्यातच होतं. माणसं यायची, टिकायची नाहीत. एकात एक तीन चौकोन, २४ बिंदू, दोघांच्या नऊ-नऊ सोंगट्या, एका रेघेत तीन जुळल्या की समोरच्याची एक उचलायची. शिकायला पाच मिनिटं पुरतात. मात्र नवा माणूस मुरलेल्या खेळाडूपुढे बसला की त्याच्या सोंगट्या भराभर जायच्या, आणि डाव संपल्यावर आम्ही त्याच्या चुका मोजून दाखवायचो. शिकवतोय असं वाटायचं आम्हाला. पुढच्या शनिवारी तो नसायचा.

त्या रात्री कॉलवर फक्त एक बारा वर्षांचा मुलगा होता. मी बंद करणारच होतो. एवढ्यात तुम्ही आलात, वहीच्या पानावर पट आखलात, चिंचोके आणि शेंगदाणे मांडलेत आणि त्याच्याशी सलग तीन डाव खेळलात. एसटीत कंडक्टर असताना डेपोच्या फरशीवर खडूनं पट आखून खेळायचात, हे त्याला तुम्ही तेव्हाच सांगितलंत. तिसरा डाव त्यानं जिंकला. मुद्दाम हरलात का, असं मी नंतर विचारलं तेव्हा चिडलात केवढे!

दुसऱ्या दिवशी त्याला तुम्ही पानाचा फोटो पाठवलात. अख्खा डाव हातानं लिहिलेला, बिंदूंना बाहेरच्या चौकोनापासून आतपर्यंत १ ते २४ आकडे, आणि एका चालीभोवती लाल गोल. तुम्ही १० वरची सोंगटी ११ वर सरकवली होती आणि मधली रेघ मोकळी पडली होती. त्यानं ९ वरची सोंगटी १० वर आणून २, १०, १८ अशा तीन जुळवल्या होत्या. गोलाशेजारी तुमचं अक्षर: "इथे मी चुकलो. तू बरोबर पकडलंस."

काका, त्या एका ओळीनं आमचं सगळंच बदललं. राल्फ गासर या संशोधकानं १९९३ साली संगणकानं हा खेळ पुरता सोडवला. दोघंही न चुकता खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे नवकंकरीत हार होते ती कुणाच्या तरी चुकीमुळेच. हे मला माहीत होतं, दहा जणांना ऐकवलंही होतं. पण स्वतःच्या चुकीला लाल गोल करून ती पोराच्या हातात द्यावी, हे मला सुचलं नाही. ज्याला येतं त्यानंच आधी आपलं चुकलेलं दाखवलं, तर शिकणाऱ्याची भीती कुठल्या कुठे पळते. अशी माणसं फार थोडी भेटतात, आणि बहुतेकांच्या दारावर कसलीच पाटी नसते.

तो मुलगा पुढच्या शनिवारी दोन मावसभावांना घेऊन आला. त्यातल्या एकानं आजीला बसवलं. आजींना खेळ आधीपासून येत होता, त्यांनी मलाच हरवलं. आता शनिवारी नऊ वाजता दहा-बारा पट मांडलेले असतात आणि डाव संपला की जुना खेळाडू पान लिहितो, आपल्या चुकीच्या गोलासकट.

गेल्या आठवड्यात त्या मुलानं पहिल्यांदा एका नव्या मुलीसाठी पान लिहिलं. त्याच्याकडे लाल पेन नव्हतं, म्हणून त्यानं आईचं कुंकू बोटावर घेऊन गोल काढलाय. फोटो तुम्हाला पाठवलाय, चष्मा लावून बघा.

तुमचा,
शनिवारच्या डावातला एक गडी