'येते' म्हणून निघतो, तसंच

पुणे

चि. सानू,
अनेक आशीर्वाद.

मँचेस्टरच्या ऑफिसात सकाळी भेटेल तो 'यू ऑलराइट?' असं का विचारतो, माझा चेहरा उतरलेला दिसतो का, असं तू रविवारी विचारलंस. फोनवर घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

ती विचारपूस नाही, रामराम आहे. जिन्यात शेजारी भेटले की आपण 'काय म्हणताय?' म्हणतो आणि पायऱ्या उतरत राहतो, तसंच. 'यॅ, यू?' एवढं उत्तर पुरे. दुकानदार 'सी यू लेटर' म्हणाला तरी पुन्हा भेटायचं ठरलेलं नसतं. आपण तरी घरातून निघताना 'जाते' कुठे म्हणतो? 'येते' म्हणतो. तेव्हा वाक्याचे शब्द सुटे करण्याआधी ते कोण, कुणाला, कोणत्या वेळी म्हणालं ते बघ. 'चहा घेणार?' असं तू विचारल्यावर कुणी 'आय एम गुड' म्हणालं, तर तो तब्येत सांगत नाहीये. त्याला चहा नकोय.

मराठी माणूस सगळ्यात जास्त फसतो तो हो-नाहीत. 'तू जेवली नाहीस?' असं विचारलं की आपण 'हो, नाही जेवले' म्हणतो, कारण आपला 'हो' समोरच्याच्या अंदाजाला असतो. इंग्रजीत 'येस' आणि 'नो' प्रत्यक्ष गोष्टीला जोडलेले असतात. 'हॅवन्ट यू ईटन?' असं विचारलं आणि तू जेवलेली नसशील, तर 'नो, आय हॅवन्ट'; जेवली असशील तर 'येस, आय हॅव'. 'येस, आय हॅवन्ट' म्हणालीस की समोरचा गोंधळलाच. प्रश्न कसा विचारला ते विसर, झालं काय तेवढं सांग. 'डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?' यातही तीच मेख आहे. 'माइंड' म्हणजे हरकत असणं. तू चांगुलपणाने 'येस' म्हणशील आणि तो बिचारा खिडकी न उघडता परत जाईल. तिथे 'नो, गो अहेड' म्हणायचं.

वेळेचं आताच पक्कं कर. 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसात, ७.३०. अर्धा सात म्हणून साडेसहा धरू नकोस. तुमच्या टीममधल्या जर्मन मुलीच्या भाषेत मात्र तशाच शब्दांचा अर्थ साडेसहा होतो, म्हणून तिच्याशी ठरवताना 'सेव्हन थर्टी' असंच म्हण. आणि उत्तर इंग्लंडात बरेच जण संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणतात. 'कम राउंड फॉर टी' असं बोलावणं आलं तर नुसता चहा की जेवण ते सरळ विचार, त्यात कमीपणा नाही. पोट भरून गेलीस तर त्यांनी रांधलेलं तसंच राहील.

'पुट', 'गेट', 'टेक' यांना चिकटणारे छोटे शब्द पाठ करून तुझा जीव मेटाकुटीला आलाय, ते ठाऊक आहे. आपल्या 'करून टाक', 'करून ठेव', 'करून बसला' यांच्याकडे बघ. करणं तेच, पण 'टाक'मध्ये एकदाचं उरकणं आहे, 'ठेव'मध्ये पुढची तयारी आणि 'बसला'मध्ये पश्चात्ताप. टाकणं, ठेवणं, बसणं यांचा मूळ अर्थ तिथे उरत नाही. तसंच 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'पुट अप' म्हणजे कुणाला घरी उतरवून घेणं आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणं. म्हणून शब्दकोशात नुसता 'पुट' शोधू नकोस, अख्खी जोडी शोध.

आपलं पुण्यातलं इंग्रजीही तपासून घे. 'आय पास्ड आउट इन २०२३' म्हणालीस तर तिथल्यांना वाटेल, चक्कर येऊन पडली होतीस, 'ग्रॅज्युएटेड' म्हण. शंका विचारायची तर 'डाउट' नको, 'क्वेश्चन' म्हण, कारण 'डाउट'मध्ये अविश्वासाची छटा येते.

अमेरिकन क्लायंटच्या कॉलवर 'कॅन' आणि 'कॅन्ट' सारखेच ऐकू येतात, कारण ते शेवटचा 'ट' गिळतात. 'ट'ची वाट न बघता जोर कुठे पडतो ते ऐक. 'आय कन् डू इट' असं पटकन, जोर 'डू'वर, म्हणजे जमेल. 'कॅन्'वरच जोर देऊन ते लांबवलं, म्हणजे जमणार नाही. तरी शंका उरली तर 'सो दॅट्स अ नो?' असं विचारून घे. चुकीचं ऐकून काम हाती घेण्यापेक्षा ते बरं.

एक वही कर. अख्खं वाक्य, कोण कुणाला म्हणालं, कधी, आणि समोरच्याने काय उत्तर दिलं, एवढे चार रकाने. उत्तराचा रकाना सोडू नकोस, अर्थ बहुतेक वेळा तिथेच उलगडतो. आठवड्याला ५ वाक्यं पुरेत. ऐकलेलं लगेच वापरू नकोस. तेच वाक्य तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलंस की मग तोंडात घे. शिवीसारखं वाटणारं काही असेल तर ते नुसतं समजून ठेव.

पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा वही जवळ घेऊन बस. पहिली पाच वाक्यं वाचून दाखव, उत्तराच्या रकान्यासकट.

तुझी
आई