होडीला काय जोडावे आणि काय जोडू नये

चि. सुहास यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, उभे राहून गळ टाकण्यासाठी चौथरा, मधले बाक काढून सलग फळ्यांची जमीन, तिच्यावर गालिचा, दोन बॅटऱ्या, मासे जिवंत ठेवण्याची टाकी आणि आताच्यापेक्षा मोठे इंजिन असा तुझा बेत आहे. मी तो सावकाश वाचला, मेस्त्रींना दाखवला आणि होडी अंगणातच असल्यामुळे एकेक गोष्ट टेप लावून तिच्यावर मापूनही पाहिली. यांतल्या काही गोष्टी करण्याजोग्या आहेत, काही थोड्या बदलून करता येतील, आणि एक मात्र करू नये असे माझे ठाम मत आहे. आपल्या खाडीवर लाकडाच्या आणि फायबरच्या होड्या जाणणारी माणसे वाडीवाडीत आहेत, पण ॲल्युमिनियमची होडी फारशी कोणी हाताळलेली नाही. त्यामुळे चांगल्या मनाने दिलेला सल्लासुद्धा हिला मारक ठरू शकतो. म्हणून सगळे कारणांसह लिहीत आहे.

आधी गळतीबद्दल सांगते. तू म्हणाला होतास की खाडीत सोडून कुठून पाणी येते ते पाहू. मेस्त्रींनी आणि मी त्याच्या उलट केले. होडी दोन ओंडक्यांवर सपाट ठेवली, आत साचलेले पाणी सोडण्याच्या भोकाचे बूच घट्ट बसवले आणि विहिरीचे पाणी आतच भरले. पाण्याचे वजन जमिनीवर तळाच्या पत्र्यावर येते, त्यामुळे अर्ध्या बाकापर्यंतच भरायचे. थोड्याच वेळात बाहेरच्या अंगाला थेंब जमू लागले आणि प्रत्येक थेंबाभोवती आम्ही पेनाने गोल केला. बहुतेक गोल कण्याजवळच्या रिव्हेटांच्या ओळीत आणि नाळेच्या जोडावर आले. मधला पत्रा जवळजवळ सगळीकडे कोरडा राहिला. म्हणजे पत्रा शाबूत आहे, वर्षानुवर्षे लाटांवर आपटून रिव्हेट मात्र सैल झाले आहेत. सैल रिव्हेट काढून टाकण्याची घाई करायची नसते. आतून एकाने जड लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या टोकावर दाबून धरायचा आणि बाहेरून दुसऱ्याने डोक्यावर हातोडीचे मोजके ठोके द्यायचे, की त्यातले बरेचसे पुन्हा आवळून बसतात. जे बसणार नाहीत तेवढेच पोखरून बदलू.

तळाच्या फळ्या उचलल्यावर जे दिसले ते मात्र तू स्वतः येऊन पाहावेस. दोन फासळ्यांच्या मध्ये, चिखल सुकून कडक झालेल्या थराखाली, पागाच्या, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याच्या, शिशाच्या मण्या अडकलेल्या होत्या. आधीच्या मालकाच्या पागातून त्या कधीतरी गळल्या असाव्यात. प्रत्येक मणीभोवती पांढरी, भुसभुशीत पूड जमली होती. चाकूच्या टोकाने ती खरवडली तेव्हा खाली मणीच्याच आकाराचा खळगा निघाला, आणि एका ठिकाणी टोक पत्र्यातून आरपार गेले. बाजूचा पत्रा, जिथे शिसे नव्हते, तिथे अजून कारखान्यातून आल्यासारखा आहे.

याचे कारण तू शाळेत शिकला आहेस. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडचा पातळ, चिवट थर चढतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. म्हणून ही होडी रंगाशिवायही कित्येक पावसाळे काढू शकते. पण खाऱ्या पाण्यात शिसे, तांबे, पितळ किंवा साधे लोखंड त्याला चिकटून राहिले की दोन धातू आणि मधले पाणी मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजण्याची पाळी दरवेळी ॲल्युमिनियमची असते. ब्रिटिश आरमाराला हा धडा फार महागात मिळाला होता. १७६१ साली त्यांनी ‘अलार्म’ नावाच्या लढाऊ जहाजाचा लाकडी तळ किड्यांपासून वाचावा म्हणून तांब्याच्या पत्र्याने मढवला. दोन वर्षांनी तपासणी केली तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेलेले होते. मात्र तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद जिथे चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे टिकले होते. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने याच गुणाचा उलटा उपयोग सुचवला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. आज इंजिनाच्या पायाला जो धातूचा तुकडा लावलेला असतो, तो याच विचारातून आला आहे. आपल्या खाडीचे पाणी पावसाळ्यात गोडसर होते आणि उन्हाळ्यात खारे, म्हणून आपल्यासाठी जस्तापेक्षा ॲल्युमिनियमचा झिजतुकडा बरा. गोडसर पाण्यात जस्तावर साय धरते आणि ते काम करेनासे होते. त्या तुकड्यावर कोणीही रंग फासू नये. रंगाखाली तो निरुपयोगी आहे.

तेव्हा आराखड्यातल्या प्रत्येक वस्तूला मी दोनच प्रश्न विचारले: ती पत्र्याला कोणत्या धातूने टेकणार आहे, आणि तिच्याखाली शिरलेले पाणी कुठून बाहेर पडणार आहे.

गालिचा या दुसऱ्या प्रश्नातच बाद होतो. ओला गालिचा मीठ धरून ठेवतो, त्याच्याखाली हवा पोचत नाही आणि रक्षण करणारा थर पुन्हा धरू शकत नाही. पाय घसरू नये एवढाच हेतू असेल, तर रंगात बारीक वाळू मिसळून तो फक्त चालण्याच्या जागी लावता येतो. फळ्यांसाठी तू प्लायवूड लिहिले आहेस. आपल्याकडे मरीन प्लाय म्हणून मिळते ते ‘आयएस ७१०’ असा शिक्का असलेले घ्यावे हे बरोबर, पण कीड आणि बुरशी लागू नये म्हणून लाकडात जे औषध मुरवतात त्यात पुष्कळदा तांबे असते, आणि ओल्या लाकडातून ते पाझरून पत्र्यावर येते. म्हणून प्लाय वापरायचे तर सगळ्या कडा आणि भोके इपॉक्सीने बंद करून, आणि पत्र्यापासून रबराच्या पट्टीवर उचलूनच बसवायचे. पिछाडीची फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात, ती तर बदलावीच लागेल. बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ती आतून कुजली आहे. ती काढताना जुनी फळी फोडू नकोस, तोच नव्या फळीचा साचा आहे.

रिव्हेट ॲल्युमिनियमचेच हवेत. दुकानातले नेहमीचे पॉप रिव्हेट पोकळ असतात आणि त्यांच्या पोटात स्टीलची काडी राहते, जी गंजते आणि पाणीही सोडते. पाण्याखाली वापरायचे तर भरीव रिव्हेट किंवा बंद टोकाचे, आणि बसवण्यापूर्वी पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे चालतील, पण तेही दुसरेच धातू आहेत हे विसरू नये; डोक्याखाली नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना सीलंट म्हणजे आपला तपकिरी कागद. ठिगळासाठी पत्रा मागशील तेव्हा ‘५०५२’ किंवा ‘५०८३’ असा क्रमांक सांगून माग, कारण खाऱ्या पाण्यासाठी त्याच मिश्रधातूंचा भरवसा आहे. आरपार गेलेल्या भोकावर वेल्डिंग करावे असे तू सुचवले होतेस. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्यावरचा ऑक्साइड २००० अंशांच्याही पुढे; जुन्या, मीठ मुरलेल्या, पातळ पत्र्यावर त्यामुळे भोक बुजण्याऐवजी मोठे होण्याचीच भीती जास्त, शिवाय शेजारचे रिव्हेट उष्णतेने सैल होतात. आतून ठिगळ, मध्ये सीलंट, भोवती रिव्हेट, एवढे पुरे आहे.

शेजारच्या काकांनी प्रेमाने सांगितले की तळाला चुना आणि तेल लावा, त्यांच्या लाकडी होड्यांना पिढ्यान्पिढ्या तसेच लावत आले आहेत. लाकडासाठी ते उत्तमच आहे. पण ओला चुना अल्कली आहे आणि अल्कलीत ॲल्युमिनियमचा रक्षक थर विरघळतो, म्हणून मी त्यांना नम्रपणे नको म्हटले. त्याचप्रमाणे तळाला कालवे चिकटू नयेत म्हणून जो लाल रंग मिळतो त्यात तांब्याचा ऑक्साइड असतो. तो या होडीला कधीही लावू नये. आपण ती प्रत्येक वेळी किनाऱ्यावर ओढून घेणार आहोत, त्यामुळे त्याची गरजही नाही.

आता बाकांबद्दल, कारण ‘करू नये’ म्हणाले ते हेच. रिव्हेटच्या होडीत बाक फक्त बसण्यासाठी नसतो. तो दोन्ही बगलांना एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवतो, आणि त्याच्या पोटात फोम भरलेला असतो, जो पाणी भरले तरी होडीला बुडू देत नाही. मधला बाक कापला तर बगला लाटेगणिक आतबाहेर होतील आणि आज आवळलेले रिव्हेट एका हंगामात पुन्हा सुटतील. मोकळी जागा हवी असेल तर पुढच्या आणि मधल्या बाकाच्या दरम्यान, बाकाच्या उंचीपेक्षा खालीच, ॲल्युमिनियमच्या अँगलवर चौथरा कर. उभे राहण्यासाठी तेवढी जागा पुरते, आणि उभ्या माणसाचे वजन जितके खाली राहील तितकी होडी कमी डोलेल. बाकाखालचा जुना फोम मात्र आम्ही काढला. तो उचलायला दोघे लागले, इतके पाणी त्याने पिऊन ठेवले होते. त्या जागी फोमच्याच पत्र्यांचे तुकडे भरता येतील, पण थर्माकोलसारखा फोम पेट्रोलने विरघळतो, म्हणून इंजिनाजवळच्या बाकात मी झाकणबंद रिकामे कॅन सुचवते. २० लिटरचा बंद कॅन साधारण २० किलो भार तरता ठेवतो, आणि तो फुटला तर बदलता येतो. कॅनच्या खाली पाणी वाहून जाण्यास वाट ठेवणे तेवढे आवश्यक आहे.

वजनाचा हिशेब तू मांडलेला नाहीस, तो मी मांडला. आठ बाय चार फुटांचे १२ मिलिमीटरचे एक प्लाय सुमारे २३ ते २५ किलो भरते. १०० अँपिअर-तासाची एक लेड-ॲसिड बॅटरी जवळपास ३० किलो, आणि तुला दोन हव्या आहेत. टाकीत ५० लिटर पाणी म्हणजे आणखी ५० किलो, तेही हलणारे. हे सगळे मिळून दोन मोठी माणसे होडीत कायमची बसवल्यासारखे होईल. एकच बॅटरी घे आणि ती मधल्या बाकाखाली ठेव. टाकीऐवजी बर्फाची पेटी असू दे. तांबोसा आणि शेवटे घरी आणायला बर्फ पुरतो. वायरिंग करणाऱ्याला बजावून सांग की परतीची तार होडीच्या पत्र्याला जोडायची नाही, दोन्ही तारा बॅटरीपर्यंत वेगळ्या न्यायच्या, कारण पत्र्यातून फिरणारा थोडासा वीजप्रवाहही शिशाच्या मण्यांपेक्षा कितीतरी वेगाने पत्रा खातो.

मोठ्या इंजिनाचा निर्णय पिछाडीची फळी बसून होडी एकदा पाण्यात तोलून पाहिल्यावर घेऊ. आधी फळीची उंची मोज. १५ इंचांची फळी असेल तर आखूड पायाचे इंजिन, २० इंचांची असेल तर लांब पायाचे. जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या जागी तेवढ्याच अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक घेतले तरी ते सहसा जड असते, आणि ते सगळे वजन अगदी टोकावर येते.

रंगाचे काम तू आल्यावरच करू. घासायला लोखंडी तारेचा ब्रश आणू नकोस, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि मग तिथेच गंज धरतो. सकाळी दव वाळल्यावर गोड्या पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे, घासायचे आणि त्याच दिवशी, दुपारचा खारा वारा सुटण्यापूर्वी, पहिला प्रायमरचा हात द्यायचा. घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवला तर ऑक्साइडचा थर पुन्हा जाड होतो आणि रंग पोपडे होऊन सुटतो. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात हे उरकले पाहिजे, कारण नंतर हवेत ओल वाढते. पाऊस सुरू झाला की होडी झापांच्या खोपीत पालथी ठेवू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते, आणि नारळी पौर्णिमेनंतर उधाणाची भरती पाहून उतरवू. तोपर्यंत नोंदणीचे कागद पुरे करून ठेव.

मागे तू विचारले होतेस की एवढ्या जुन्या होडीवर खर्च करणे योग्य आहे का. मला योग्य वाटते. पत्रा चांगला आहे, घडण प्रामाणिक आहे, आणि दोन माणसांना ती वाळूवरून उचलून नेता येते, जे आपल्या वाडीतल्या कोणत्याही लाकडी होडीबद्दल म्हणता येणार नाही. हे हलकेपण जपूनच तिच्यात जे घालायचे ते घालावे.

येताना नायलॉनचे वॉशर, बंद टोकाचे रिव्हेट आणि पॉलियुरेथेन सीलंटच्या दोन नळ्या आण. सीलंटवरची मुदत वाचून घे. बूच इथे मिळत नाही, त्याचे माप सोबत कागदावर काढून दिले आहे. पाग ठेवण्यासाठी खाली भोके असलेला प्लास्टिकचा क्रेट मी घेऊन ठेवला आहे, यापुढे पाग त्यातच राहील.

तुझी,
आई