चि. ताईस: 2147483647 या संख्येविषयी

खानापूर, जि. बेळगाव

चि. ताई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

संगणकाच्या चिन्हासहित 32 बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या, म्हणजे 2147483647, ही मूळ संख्या आहे हे 1772 साली गणिती ऑयलरने यंत्रावाचून कसे ठरवले, असे तू बंगळूरहून विचारलेस. प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला; त्याचे उत्तर फोनवर सांगण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

2 च्या 31 व्या घातातून 1 वजा केला की ही संख्या मिळते. शाळेतल्या रीतीने गेलो तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे 46340 पर्यंतच्या, सुमारे 4800 मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागेल. परंतु समज, क या मूळ संख्येने तिला पूर्ण भाग जातो. मग 2 च्या 31 व्या घाताला क ने भागल्यास बाकी 1 उरते, फर्माच्या प्रमेयानुसार 2 च्या (क − 1) व्या घाताचीही बाकी 1 च उरते, आणि 31 स्वतः मूळ असल्यामुळे क − 1 ला 31 ने भाग जावाच लागतो. क विषम असल्याने 62 नेही जातो. लहान उदाहरणावर पडताळून घे: 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047, त्याचे विभाजक 23 आणि 89, आणि दोघांतूनही 1 वजा केल्यास 22 ने भाग जातो.

दुसरी अट मला अधिक सुंदर वाटते. 2 च्या 32 व्या घाताला क ने भागल्यास बाकी 2 येते, आणि तो घात 2 च्या 16 व्या घाताचा वर्ग आहे, म्हणजे क ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या हिशेबात 2 हा एक वर्ग ठरतो, आणि तसे घडायचे तर क ला 8 ने भागून बाकी 1 किंवा 7 च उरली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या की 248 ने भागून 1 किंवा 63 उरणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. 63 आणि 249 संयुक्त असल्याने गळतात आणि पहिला खरा उमेदवार 311 येतो. भागून पाहिलेस तर भागाकार 6905092 आणि बाकी 35 मिळेल. पुढचा उमेदवार थेट 1303. दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली असताना ऑयलरने हे काम तडीस नेले, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

2024 साली सापडलेली 4,10,24,320 अंकी मूळ संख्या याच कुळातली, म्हणजे 2 च्या घातातून 1 वजा करून मिळणारी, मात्र तिथे असे भागाकार पुरे पडत नाहीत. या कुळासाठी लुकास आणि लेमर यांची कसोटी आहे: 4 पासून सुरुवात करून दर वेळी वर्ग करावा, 2 वजा करावेत आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यावी; घातांकापेक्षा 2 ने कमी इतक्या वेळा असे केल्यावर 0 उरला तर ती संख्या मूळ. 2 चा 5 वा घात वजा 1 म्हणजे 31, त्यासाठी 4, 14, 8 आणि शेवटी 0 येतो. म्हणून 31 मूळ.

1303 चा भागाकार मात्र तू हाताने कर आणि गणपतीला येशील तेव्हा ती वही सोबत आण.

तुझे बाबा