संरक्षण अधिकारी मॅडम, तुमची बदली झाली म्हणून हे पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

घरातल्या छळाविरुद्ध कोर्टात केलेल्या माझ्या अर्जाच्या निकालाचे पेढे घेऊन तुमच्या कार्यालयात आले, तर शिपाई म्हणाले, मॅडमची बदली झाली. पेढे तिथंच वाटले. बोलायचं मात्र सगळं राहून गेलं, म्हणून चारचौघांसमोर लिहिते. नाव कुणाचंच घालत नाही. तुमचंही नाही, तुम्हाला उगीच अवघडल्यासारखं होईल.

आमच्या गावाच्या वेशीवर तंटामुक्त गावाची पाटी आहे. त्या पाटीपायी गावातल्या जाणत्या मंडळींनी मला दरवेळी परत पाठवलं. "मिटवून घे बाई, कशाला गावाचं नाव खराब करायलीस?" तंटा मिटला तो कागदावर, पाठीवरचे वळ तसेच. ठाण्यात गेले, तर साहेबांनी नवऱ्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि दाराशी उभ्या असलेल्या मला विचारलं, "कालवणात मीठ कमी पडलं होतं का?" सगळे हसले. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात पाचवं कलम आहे. अशी तक्रार कानावर आली की अशा बाईच्या मदतीला सरकारनं नेमलेला संरक्षण अधिकारी कोण, कोर्टात काय मागता येतं, वकील फुकट कसा मिळतो, हे पोलिसांनी बाईला सांगायचं असतं. मला मिठाचं विचारलं.

तुमचं नाव सांगितलं ते अंगणवाडीच्या ताईंनी. तुम्ही घटनेचा अहवाल लिहून घेत होता आणि मी आपली मारहाणीचंच सांगत होते. तुम्ही मधेच विचारलंत, गंठण कुठंय? शिलाईचे पैसे कोणाच्या हातात जातात? गंठण गहाण होतं, पैसे नवऱ्याच्या खिशात. हाही छळच, आर्थिक छळ, आणि कायद्यानं त्याला मारहाणीच्या शेजारीच बसवलंय, हे त्या दिवशी कळलं. तोवर वाटायचं, नवऱ्यानं पैसे घेतले तर त्यात तक्रार कसली?

पण मॅडम, राहून राहून आठवतं ते वेगळंच. सही करून मी उठले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुमचा फोन घरात कोण बघतं?" मी म्हणाले, मालकच बघतात, रोज रात्री. तुम्ही फोन मागून घेतलात आणि तुमचा नंबर त्यात 'अंगणवाडी पोषण आहार' नावानं टाकलात. म्हणालात, "मी आधी पोरीचं वजन विचारीन. जवळ कुणी असेल तर म्हणा, उद्या आणते. एकट्या असाल तर म्हणा, वजन वाढलंय." मी तेव्हा त्याच घरात राहत होते. कागदाचा चिटोराही जवळ ठेवायची सोय नव्हती. एकदा तर फोन ह्यांनीच उचलला. तुम्ही त्यांना लेकराच्या दुधाअंड्यावर असं काही सुनावलंत की वैतागून फोन माझ्याकडं फेकला, "घे, काय म्हणायलीय बघ ही बाई," आणि बाहेर निघून गेले. "वजन वाढलंय मॅडम," म्हणताना मला त्या हालातही हसू फुटलं. किती दिवसांनी हसले होते कुणास ठाऊक. एवढा बारीक विचार करा असं कुठल्या सरकारी फॉर्मात लिहिलेलं नसतं.

घराचंही तसंच. सासूबाईंचं एकच पालुपद, "घर माझ्या नावावर आहे, नेसत्या लुगड्यानिशी निघ." तालुक्यातल्या एका वकिलानंही मान हलवली होती. तुम्ही 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितलात: घर सासू-सासऱ्यांचं असलं, तरी सून तिथं नांदत आलेली असेल तर राहण्याचा हक्क मागू शकते. मग फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा समितीकडून वकीलताई मिळाल्या. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे किती जणींना माहीत असेल? त्या पोरीनं झेरॉक्सचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. अशी माणसं असतात, मॅडम. कुठं बोर्ड लावून बसत नाहीत, म्हणून लवकर सापडत नाहीत एवढंच.

अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. आमच्या तारखांमध्ये एक सोयाबीन निघून दुसरं पेरलं गेलं. असो. आदेश मिळाला. मला घराबाहेर काढायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, दरमहा खर्चाला पैसे द्यायचे, गंठण सोडवून द्यायचं. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे वकीलताईंनी कोर्टाच्या व्हरांड्यात ह्यांच्या देखत मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई अजून बोलत नाहीत. न बोलू देत.

पुढच्या खोलीत आता माझं मशीन आहे आणि शिलाईचे पैसे माझ्याच डब्यात पडतात. दिवाळीच्या तोंडावर ब्लाऊजांची रास लागते, तरी तुमचं एक शिवायचंच आहे. तुम्ही सरकारी माणूस, फुकट घेणार नाही, माहीत आहे. शिलाई घेईन, पण अस्तर माझं. नंबर अजून त्याच नावानं आहे. माप पाठवा.

आपली,
एक शिवणकाम करणारी
जि. लातूर