आई-बाबांना: औषधांचा कागद, फाइल आणि काही निर्णय

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे सगळे बोलून होत नाही. अर्धे ऐकू जाते, अर्धे विसरते आणि शेवटी "बघूया गो" म्हणून विषय संपतो. म्हणून लिहून पाठवते आहे. दोघांनी मिळून वाचा, चष्मा लावून आणि पेन्सिल हाताशी ठेवून.

दुखणे अंगावर आल्यावर निर्णय घाईत होतात, आणि घाईत जो समोर असेल तोच निर्णय घेतो. कधी तो शेजारी असतो, कधी ड्युटीवरचा डॉक्टर, कधी बिलाच्या काउंटरवरचा माणूस. तुमच्या शरीराबद्दलचे निर्णय तुमचेच राहावेत असे मला मनापासून वाटते. त्यासाठी आत्ता, दोघेही धडधाकट असताना, थोडी तयारी करून ठेवायची आहे.

सुरुवात औषधांपासून करा. दोघांचे दोन वेगळे कागद करा. गोळीचे कंपनीचे नाव लिहू नका. पट्टीवर त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते, ते लिहा. टेल्मा ४० आणि टेल्मिकाइंड ४० ही नावे वेगळी असली तरी आत एकच औषध आहे, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. एका डॉक्टरने एक नाव लिहिले, दुसऱ्याने दुसरे लिहिले आणि घरी दोन्ही सुरू राहिल्या, तर बी.पी. खाली जाते आणि सकाळी उठताना तोल जातो. नावापुढे चार गोष्टी लिहा: किती मिलिग्रॅम, कधी, जेवणाआधी की नंतर, आणि कशासाठी. "कशासाठी" हा रकाना रिकामा राहिला तर ती गोळी अजून लागते का हे पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा. पूर्वी कधीतरी आम्लपित्तासाठी सुरू केलेली गोळी वर्षानुवर्षे चालू राहते, कारण ती बंद करा असे कोणीच सांगितलेले नसते. कागदाच्या खाली ज्या औषधाने अंगावर पित्त उठते किंवा सूज येते त्याचे नाव लाल पेनाने लिहा.

गोळ्या पट्टीतून काढून स्टीलच्या डबीत एकत्र ठेवू नका. पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटच्या गोळीपर्यंत राहू द्या. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की उघड्या गोळ्या नरम पडतात. औषधांचे कपाट स्वयंपाकघरातून बाहेर काढा.

आई, आता गुडघ्याच्या गोळीबद्दल. फार्मसीत "दुखण्याची द्या" म्हटले की बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक मिळते. दोन दिवस बरे वाटते, त्यामुळे ती पट्टी घरातच राहते. पण तू बी.पी.साठी टेल्मिसार्टन घेतेस आणि पायांच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी. या दोन्हींच्या जोडीला दुखण्याची गोळी आली की मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. त्यात उलट्या-जुलाब झाले किंवा मे महिन्याच्या उकाड्यात पाणी कमी प्यायले गेले, तर दोन-चार दिवसांत रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करते का ते दाखवणारा आकडा) चढू शकते. ते आतल्या आत होते, दुखत नाही, म्हणून कळतही नाही. तेव्हा साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल घे. ती किती आणि दिवसातून किती वेळा हे आपल्या डॉक्टरांकडून त्या कागदावर लिहून घे. घरातली डायक्लोफिनॅकची पट्टी आज काढून टाक. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासायचे का, हेही विचार.

बाबा, तुमच्या साखरेच्या दोन गोळ्या आहेत. मेटफॉर्मिन एकटी सहसा साखर फार खाली नेत नाही, पण ग्लिमेपिराइड नेते. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी जेवण टळले आणि ग्लिमेपिराइड मात्र घेतली, तर दुपारी हात थरथरतील, घाम फुटेल, बोलणे चुकेल. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नाही हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. तसे झालेच तर मशीनवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. वर आली की पोळी किंवा पेज खा. मशीन सापडत नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर घ्या. पण माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी दात काढायचा म्हणून मनाने बंद करू नका. दंतवैद्याला आधी सांगा, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

बी.पी. घरी मोजता ते चांगलेच आहे, पण चहा पिऊन, जिना चढून किंवा गप्पा मारत मोजलेला आकडा कामाचा नाही. अर्धा तास चहा नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आठवड्यातून एकदा उभे राहून, एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला, पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. रात्री न्हाणीकडे जाताना माणसे पडतात ती बऱ्याचदा यामुळेच.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीनच प्रश्न कागदावर लिहून न्या. तीनापेक्षा जास्त असले तर शेवटचे राहून जातात. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आधी विचारा, उठताना नको. ऑपरेशन सुचवले तर विचारा: हे आत्ता केले नाही तर सहा महिन्यांत काय होईल? याने चालणे-फिरणे नेमके किती सुधारेल? दुसरा मार्ग कोणता? डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. दुसरे मत घेणे हा तुमचा हक्क आहे, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत असे वैद्यकीय परिषदेच्या नियमांत आहे. संमतिपत्र इंग्रजीत असेल तर कोंकणीत किंवा मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

गुडघा बदलायचा की नाही हे एक्स-रेवर ठरवू नये, आई. रात्री दुखण्याने झोप मोडते का, देवळाच्या पायऱ्या चढता येतात का, तीन महिने नेमाने व्यायाम करूनही काहीच फरक पडला नाही का, यावर ठरव. त्याला घाई नाही. मोतीबिंदूचे उलट आहे. "पिकू दे, मग काढू" हा सल्ला जुन्या काळातला. आता नजर रोजच्या कामाला अपुरी पडू लागली की काढता येतो. फार पिकवला तर ऑपरेशन अवघड होते. बाबा, तुमचा डावा डोळा यंदा दाखवा.

घाईच्या प्रसंगी काय करायचे ते फ्रिजवर चिकटवा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, आणि मधुमेह असल्यामुळे कधी कधी नुसताच दम लागणे. ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी गॅस समजून ओवा खात बसू नका, १०८ लावा. डिचोलीतल्या सरकारी केंद्रात आधी पोहोचता येत असेल तर तिथे जा. गोव्यात 'स्टेमी' या हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या प्रकल्पाखाली अशा केंद्रांतला ई.सी.जी. गोमेकॉतल्या (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या) हृदयरोगतज्ज्ञांना पाठवतात आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देता येते. तो वेळ वाचतो. दुचाकीवर मागे बसून कुठेही जाऊ नका.

तोंड वाकडे झाले, एक हात पडला, बोबडी वळली, तर तो अर्धांगाचा झटका. इथे जवळचा दवाखाना उपयोगाचा नाही, सी.टी. स्कॅन हवा, म्हणजे बांबोळी. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि घड्याळ चालू होते ते माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. म्हणून "रात्री नऊला जेवताना बरे होते" असे नेमके सांगता आले पाहिजे. पाणी, गोळी, ॲस्पिरिन काहीही देऊ नका. रक्तस्राव आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही.

भरती व्हावे लागले तर चष्मा, कवळी आणि बाबांचे कानाचे यंत्र सेलसह पिशवीत घाला. ही गोष्ट छोटी वाटते, पण ऐकू येत नाही, दिसत नाही आणि दिवस-रात्र कळत नाही अशा अवस्थेत वयस्क माणूस दोन रात्रींत भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. त्याला वेड लागलेले नसते. घरचे माणूस जवळ असणे, दिवसा खिडकीचा उजेड, रात्री झोप आणि लघवी-शौच यांकडे लक्ष यानेच ते बरेच आटोक्यात येते. अचानक असे झाले तर नर्सला सांगा की हे नेहमीचे नाही. लघवीची नळी घातली असेल तर ती अजून लागते का, हे रोज विचारा. घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड आणि आपला जुना कागद शेजारी ठेवून प्रत्येक गोळी जुळवा: कोणती नवी, कोणती बंद, कोणती बदलली. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. घरी आल्यावर जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या चालू राहतात.

पैशांचे थोडक्यात. गोवा सरकारचे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड काढून ठेवले आहे, पण त्यावरची मुदत बघा. त्यातून यादीतल्या उपचारांचाच खर्च मिळतो, म्हणून भरती होताना आधी काउंटरवर विचारा. बाबा ७० च्या पुढे आहेत, त्यामुळे त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर निघते. कुटुंबातल्या ७० आणि त्यापुढच्या माणसांना मिळून वर्षाला ५ लाखांचे संरक्षण, उत्पन्नाची अट नाही, जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. ओ.पी.डी.चा खर्च मात्र त्यात येत नाही. वय आधारवरच्या तारखेने मोजतात, म्हणून आई, तुझ्या आधारवर नुसते साल आहे की पूर्ण तारीख ते बघ. ओ.टी.पी. येतो तो मोबाइल नंबर अजून चालू आहे ना, तेही बघ.

आपल्या मेडिक्लेममध्ये खोलीभाड्याची मर्यादा रोजची ५,००० रुपये आहे. ८,००० ची खोली घेतली तर फक्त तीन हजारांचा फरक भरावा लागेल असे वाटते, पण तसे होत नाही. डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले जाते. ते १,६०,००० झाले असेल तर कंपनी १,००,००० धरेल. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लागत नाही. म्हणून खोली निवडतानाच ५,००० च्या आतली मागा. नियमाप्रमाणे डिस्चार्जची मंजुरी कंपनीने तीन तासांत द्यायची असते. उशीर झाला तर मला फोन करा, मी कंपनीशी बोलेन.

आता जे बोलायला जड जाते ते. बरे होण्याची आशा उरली नाही आणि स्वतः बोलता येईना, तर यंत्रावर किती दिवस ठेवायचे? हे आत्ताच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन एवढे पुरते. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा जास्त माणसांची नावे त्यात घालता येतात, आणि मन बदलले तर कधीही लेखी रद्द करता येते. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी असे इच्छापत्र स्वतः करून ठेवले. हे घरच्यांनी सोडून देणे नव्हे. असे काही लिहिलेले नसेल तर मला आणि दादाला तुमच्या मनातले ओळखून ठरवावे लागेल, आणि ते ओझे मला नको आहे. बाबा, तुम्हाला काय वाटते ते मला सांगा. आई, तू वेगळे म्हणत असशील तर तुझे वेगळे लिहू. उत्तर काहीही असले तरी मी ते पाळीन.

या सगळ्याची एक निळी फाइल करा: औषधांचे दोन कागद, गेल्या वर्षभरातले रिपोर्ट तारखेप्रमाणे, जुने ई.सी.जी., कार्डांच्या झेरॉक्स आणि आमचे फोन नंबर. जुना ई.सी.जी. फेकू नका, नवीन बदल ओळखायला तोच लागतो. फाइल दाराजवळच्या खिळ्याला टांगा. १०८ आली की घाईत कपाटे उघडत बसायला नको.

रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल करते. तोपर्यंत औषधांचा कागद तेवढा लिहून ठेवा. मी पट्ट्या कॅमेऱ्यासमोर एकेक बघेन.

तुमची,
लेक

ता. क. बी.पी.च्या मशीनचे सेल मे महिन्यात बदलले होते, पुन्हा बदला. सेल उतरले की आकडा चुकीचा येऊ शकतो. आणि पट्टा दंडाला घट्ट होत असेल तर मोठा मागवते, लहान पट्ट्यात बी.पी. खरे असते त्यापेक्षा जास्त दिसते.